डॉक्टर मॅकेल्वींची लांबलेली प्रार्थना

रेव्हरंड डॉक्टर थॅडियस मॅकेल्वी यांच्या नोकरीवर गदा येणार, हे शनिवारी सकाळीच स्पष्ट झालं. विश्वस्त मंडळाचे सहाजण कालव्याच्या बोटीतून उतरले आणि एकानेही त्यांच्या खोकल्याची चौकशी केली नाही.

"अहो, ठराव लिहूनच आणलाय," त्यांची बायको लव्हिनिया म्हणाली. "ग्रियरसाहेबांच्या खिशातून डोकावत होता. कॉलेजला तरुण अध्यक्ष हवाय म्हणे."

"परतीची बोट किती वाजता?"

"चारला. ती चुकली तर उद्या रविवार, शब्बाथच्या विश्रांतीला बोट नाही, म्हणजे सोमवारपर्यंत सगळे आपल्याकडेच. आणि घरात हॅम एकच आहे."

मॅकेल्वी विचारात पडले. वीस वर्षं ते न्यू टायरोन कॉलेजचे अध्यक्ष होते. शिवाय गावच्या चर्चचे पाळक, नीतिशास्त्र आणि हिब्रूचे प्राध्यापक, आणि घंटा वाजवणारा आजारी पडला की तेही. घर कॉलेजचं, खुर्ची कॉलेजची, स्वतःचा म्हणावा असा तो खोकला. अठ्ठावन्नाव्या वर्षी तेवढ्या भांडवलावर कुठे जाणार? कला एकच साधली होती, ती म्हणजे लांब प्रार्थना. सभेची सुरुवात प्रार्थनेनेच व्हायची, सगळे उभे राहायचे, आणि प्रार्थनेत माणसाला अडवण्याची ओहायोत अजून कुणाची छाती झाली नव्हती. सभा दोनला होती. दोन तास देवाशी बोलायचं, उरलेलं बोट बघून घेईल.

दोनच्या ठोक्याला त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या तासात मिशनरी, खलाशी आणि सगळ्या राज्यांचे गव्हर्नर उरकले. मग इस्राएलचे राजे घेतले, ते मरून अडीच हजार वर्षं झाली होती तरी. सव्वातीनला कुणाचा तरी गुडघा कडकन वाजला. साडेतीनला जग संपलं. मॅकेल्वींनी गावातल्या गाईंसाठी नावानिशी आशीर्वाद मागितला, पण गाव लहान होतं. उरले फक्त ते स्वतः.

"हे प्रभू," ते म्हणाले, "तुला ठाऊकच आहे, मला हिब्रू येत नाही."

उभ्या-उभ्या चाललेलं एक घोरणं थांबलं.

"मी पुस्तक उलटं धरलंय हे वर्गात एकाच मुलाच्या लक्षात आलं, आणि त्याला मी पहिला नंबर दिला. नीतिशास्त्राच्या ग्रंथाची शेवटची तीन प्रकरणं मी वाचलेली नाहीत, त्यामुळे सद्गुणाचं पुढे काय होतं ते मला सांगता येत नाही. मला डॉक्टर केलं ते पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या अध्यक्षाने, आणि त्याला मी. एकाच आठवड्यात."

बाहेर बोटीचं शिंग वाजलं. कुणीच हललं नाही. मॅकेल्वींनी एक डोळा किलकिला केला. सहाही माना त्यांच्याकडे ताणलेल्या होत्या. शिंग पुन्हा वाजलं.

"पुढे," ग्रियर हलकेच म्हणाले.

वीस वर्षं कुणी ऐकलं नाही, आणि आजच सगळे कान देऊन उभे. मॅकेल्वींनी घाईघाईने शेवट गाठला, रोजचाच, तोंडात बसलेला: "आणि तुझ्या या नालायक सेवकाच्या हातून पुढल्या वर्षी हेच काम थोडं बरं होऊ दे."

"आमेन," सहाहीजण म्हणाले. तेही रोजचंच.

ग्रियरांनी खिशातून ठराव काढला.

"ते आता जमायचं नाही, ग्रियरसाहेब," मंडळाचे चिटणीस हॅनम इतिवृत्तात लिहिता लिहिता म्हणाले.

"का?"

"पाळकसाहेबांनी पुढल्या वर्षी हेच काम करावं, यावर आपण सगळे आत्ताच आमेन म्हणालो. एकमताने."

"अहो, ती प्रार्थना होती."

"मग देवापुढे मनापासून बोललो नाही, असं लिहू?"

ग्रियरांनी ठरावाची चौघडी घातली आणि एक पाय डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवली.

"पण पाळकसाहेब, पुढल्या वर्षी ते पुस्तक सुलट धरा."

"धरीन," मॅकेल्वी म्हणाले. "सुलट कुठलं ते कुणी दाखवलं तर."

खिडकीतून बोट वळणापलीकडे जाताना दिसत होती. स्वयंपाकघरात लव्हिनिया हॅमचे आठ काप करत होती, इतके पातळ की त्यांतून खिडकी दिसावी.

"उद्या उपदेश कोण करणार?" ग्रियरांनी जपून विचारलं.

"मीच."

"किती वेळ?"

मॅकेल्वी घसा खाकरत म्हणाले, "उद्या बोट नाही. तेव्हा घाई नाही."