चपलांपाशी ठेवलेला वॉकर

तानुबाईंना वृद्धाश्रमात जागा मिळाली. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा; मीही ते लिहिलेलं नाही.

मी एक जुना वॉकर आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. पण रबरी टाचा झिजल्या की आमच्यात म्हातारपण धरतात. माझा जन्म भोसरीच्या एका वर्कशॉपमधला. मोफत वाटपाच्या शिबिरात मी तानुबाईंना मिळालो. शिबिर दुसऱ्या मजल्यावर होतं. शेजारच्या पूनमने तानुबाईंना पाठुंगळी नेलं, म्हणून जमलं; बाकी ज्यांना माझी खरी गरज होती ते वर आलेच नाहीत.

तानुबाईंनी बावीस वर्षं उभ्यानं लोखंडी भागांच्या कडा घासल्या, त्यात गुडघे संपले. खोलीपासून चाळीच्या संडासापर्यंत आम्ही दोघं जायचो. बायका म्हणायच्या, "पोटच्या पोरापेक्षा बरा गं हा!" तेव्हा मी जरा जास्तच खडखडायचो.

मग पूनमचं नोकरीपायी चाकणला राहायला जायचं ठरलं. तानुबाईंना बघणारं कुणी उरेना. हात धरून नेणारे वृद्धाश्रम महिन्याला पंचवीस हजार मागत. तानुबाईंची पेन्शन पंधराशे. आळंदीकडे एक अनुदानित आश्रम होता. पण अनुदानात खाट, जेवण आणि पंखा बसतो. हात धरणारं माणूस बसत नाही. म्हणून नियम असा, की कशाच्याही आधाराशिवाय चालणाऱ्यांनाच प्रवेश.

पूनम फॉर्म आणायला गेली ती पावलं मोजून आली. "आज्जी, दारापासून टेबलापर्यंत अकरा. याला बाहेर चपलांपाशी ठेवायचा."

"लातूरवरनं भोसरीला आले मी. अकरा पावलांचं काय घिऊन बसलीस!"

आठवडाभर भिंतीकडेनं सराव झाला. प्रवेशाच्या दिवशी तानुबाई चालल्या. दहाव्या पावलाला मी डोळे मिटले. वॉकरला डोळे नसतात, तरी मिटले.

"काठी-बिठी लागते का?" टेबलामागच्या अधीक्षक साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. कशाला?"

"वा! माझ्यापेक्षा ताठ चालता." शिक्का पडला.

तेव्हापासून मी चपलांपाशीच आहे. माझ्यावर पायपुसणी वाळत घालतात. मी आत गेलो तर तानुबाई बाहेर येतील. खिडकीतून त्यांची खाट दिसते. खाटेपासून संडास तेवीस पावलं आहे. म्हणून त्या पाणी पीत नाहीत. पाणी नाही, तर उठणं नाही. ओठ फुटलेत. "या आजींचा काही म्हणजे काही त्रास नाही," असं सगळे कौतुकानं म्हणतात.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस पाणी नको म्हणालं, तर त्याला तहान नाही असं धरून चालू नका.

मा. अधीक्षक यांस: अर्जदार वॉकर, वय वर्षे तीन, कोणाच्याही मदतीशिवाय उभा राहतो, जेवत नाही, त्यास पंखा लागत नाही. सबब वयाची अट शिथिल करून अर्जदारास वृद्ध म्हणून प्रवेश द्यावा व जागा तानुबाईंच्या खाटेला लागून मिळावी, ही नम्र विनंती.