चकव्याची बाटली

"हात पूस गं आये, मग धर," म्हणत मनोजनं खोका अंबाबाईच्या मांडीवर ठेवला.

रविवारची दुपार. पळसदरीच्या त्या घराच्या पडवीत अंबाबाई सुकट निवडत बसली होती. तिनं पदराला हात पुसले, पण खोक्याला बोट लावलं नाही. काळाभोर खोका, वर सोनेरी अक्षरांत 'चकवा', आणि त्याखाली रॉकेलच्या चिमणीचं चित्र. बाटलीच्या बुचाला भोक पाडून वात घातलेली, तिच्या घरात कोनाड्यात होती तीच चिमणी.

मनोज खालापूरच्या दारूच्या कारखान्यात गोदामावर होता. नऊ वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा जी पिंपं त्यानं स्वतःच्या हातांनी रचली, त्यांतली ही व्हिस्की. जवाला धुरी देऊन केलेली, नऊ वर्षं मुरवलेली, बाटल्या फक्त पाचशे एक. एवढी वर्षं दारूत वावरून पोरगा थेंबाला शिवला नव्हता. "बापावर गेलाय," गाव कौतुकानं म्हणायचं, आणि अंबाबाई दरवेळी विषय बदलायची.

या खास बाटलीसाठी साहेबांना इकडची एखादी जुनी गोष्ट हवी होती. मनोजनं बापाची दिली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कर्जतचा बाजार करून कोंडाजी घरी निघाला, वाटेत त्याला चकवा लागला, रात्रभर त्यानं त्याला गोल गोल फिरवलं आणि सकाळी तो धरणात सापडला. गावाला हे अंबाबाईनंच सांगितलं होतं. साहेबलोक घरी येऊन तिचे आणि चिमणीचे फोटो काढून गेले, तेव्हा कसले खुळे लोक म्हणून ती गप्प बसली. तिथंच ती चुकली.

"मागं छापलंय बघ," मनोज म्हणाला. "कोंडाजीची बायको दिवा लावून वाट बघत बसायची, असं. बाचं नाव आता मुंबई-पुण्याला गेलं गं."

त्यानं बाटली उघडली आणि स्टीलच्या पेल्यात दोन बोटं ओतली. करपलेल्या भातासारखा वास पडवीभर झाला.

"हे काय करतोस?"

"बाच्या नावाचा एक घोट. एकदाच. त्याची बाटली हाय ना."

पेला त्याच्या ओठांपर्यंत गेला. अंबाबाईला त्या हाताचं ते वळण ओळखीचं होतं. तिला भीती वाटली, अठ्ठावीस वर्षांत वाटली नव्हती एवढी.

"ठेव खाली," ती म्हणाली. "तुजा बा प्यायचा. रातचा, दार लावून."

मनोज हसला. आई उठली, कोनाड्यातली चिमणी आणून तिनं खोक्याशेजारी ठेवली.

"ही वळखतोस?"

"हिच्याच उजेडात तर मी धावीचा अभ्यास केला."

"चपटी हाय ती, देशी दारूची. त्याच्या कमरंला व्हती. पान्यावर पयली मीच पोचले. ती काढली, वटीत लपवली, मंग लोकांना हाका मारल्या."

"आन् चकवा?"

"कसला चकवा रं. झिंगून पाय घसरला त्याचा. तू पाच वर्षांचा. दारुड्याचा पोर म्हनलं असतं तुला, जल्मभर."

मनोजनं चिमणी उचलली. मग त्यानं वात उपसून चपटी नाकाशी धरली.

"रॉकेलचाच वास येतोय."

"अठ्ठावीस वर्षं जाळलंय त्यात," ती म्हणाली.

तो उठला, पेला शेवग्याच्या बुडाशी ओतला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अंबाबाईला वाटलं, त्या रात्री कोंडाजी पाण्यात एकदा गेला, आज याच्यापुरता पुन्हा आपणच ढकलला.

तेवढ्यात शेजारची जनाकाकी आली. बाटलीची बातमी तिच्याकडे आधीच पोचली होती. तिनं खोका हातात घेतला, उलटासुलटा केला.

"अगो बाई, चिमनी हुबेहूब काढलीया. दारूवर देवमानसाचं नाव घातलं बघ. कोंडाजी थेंबाला शिवला नव्हता. व्हय ना रं मनोज?"

अंबाबाईनं मान खाली घातली.

मनोजनं तोंडावरून हात फिरवला आणि तो वळला.

"नाय काकी," तो म्हणाला. "कधीच नाय."

त्यानं वात परत घातली, बूच घट्ट केलं आणि चिमणी कोनाड्यात जागच्या जागी ठेवली. आईकडे त्यानं पाहिलं नाही. जनाकाकी चहाला टेकली. अंबाबाईनं सूप पुढ्यात ओढलं आणि सुकट निवडायला घेतली. बोटांना काटे लागत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.