उत्तमसिंग सरांची क्रूझ

ढाणकीजवळच्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक उत्तमसिंग राठोड यांना सुट्टी ही गोष्टच मुळात संशयास्पद वाटायची. एप्रिलअखेरीस शाळेतली सव्वातीनशे पोरं आपापल्या तांड्यावर निघून गेली, की सरांना हुकूम सोडायला कोणी उरत नसे. मग ते घरात येऊन बसत आणि त्यांची नजर शाम आणि पुष्पावर पडे. शाम सतराचा, पुष्पा चौदाची. दोघंही दिवसभर मोबाइलवर वाकलेली.

त्यात यंदा साडूने मुंबई-गोवा क्रूझवरचे फोटो पाठवले. एकशे चौदा फोटो, आणि प्रत्येकात साडूची पोरं हसत होती. सरांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि ठरवलं, आपलीही पोरं हसलीच पाहिजेत.

गोवा लांब होता, पण पैनगंगेवरचं धरण जवळ होतं. तिथे रामलाल नावाच्या गृहस्थाने रेती वाहायचा जुना लोखंडी तराफा विकत घेतला होता. त्याला आकाशी रंग फासून, वर पत्रे ठोकून, दोन कूलर आणि बत्तीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून त्याने 'सागरराणी फॅमिली क्रूझ' सुरू केली होती. धरणात सागर कुठून आला, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवस, एक मुक्काम, जेवण, आणि 'मुलांसाठी भरपूर करमणूक'.

"करमणूक म्हणजे नेमकं काय?" सरांनी फोनवर विचारलं.

"पानी आहे ना सर," रामलाल म्हणाला. "पाहाचं."

सरांना हे भोंगळ वाटलं. त्यांनी शाळेच्या कागदावर स्वतः वेळापत्रक आखलं. सातला प्रार्थना व योगासने, नऊला सामान्यज्ञान, दहाला उत्स्फूर्त भाषण, साडेअकराला टाकाऊतून टिकाऊ. शेवटी, मन मोठं करून, 'मुक्त करमणूक (पंधरा मिनिटे)'. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

"शिट्टी कायले?" बसंतीबाईंनी विचारलं.

"शिस्तीशिवाय आनंद होत नसतो," सर म्हणाले. बायकोशीही ते शाळेतल्याच मराठीत बोलत. संतापले की मगच वऱ्हाडीवर येत.

क्रूझवर दुसरं एकच कुटुंब होतं. वणीचे वामनराव, कोळशाच्या ट्रकांचे मालक. त्यांच्या पत्नी बेबीताई आणि सोळा वर्षांची निकिता. सरांनी निकितालाही हजेरीत घेतलं. तिने वेळापत्रक दोनदा वाचलं आणि शामला हळूच विचारलं, "तुझे बाबा नेहमीच असे राह्यतात?"

"सुट्टीत थोडे जास्त," शाम म्हणाला.

नऊ वाजता शिट्टी झाली. "महाराष्ट्रातून वाहणारी सर्वांत लांब नदी कोणती?" तिन्ही पोरं पत्र्याकडे पाहत बसली. मागच्या खुर्चीवरून वामनरावांचा हात वर गेला. "गोदावरी!" सरांनी शाबासकी देऊन त्यांना पेन बक्षीस दिलं. त्यानंतरची अठरा उत्तरंही वामनरावांनीच दिली, त्यातली सात चुकीची. दहा वाजता भाषणाचा विषय होता 'मी धरण बोलतोय'. वामनराव धरण होऊन अकरा मिनिटं बोलले आणि शेवटी त्यांचेच डोळे भरून आले. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग पाहतात तर समोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या.

"पोरं कुठं गेली?"

"संडासले," बसंतीबाई म्हणाल्या. त्या आणि बेबीताई काठाशी बसून, पाण्यात पाय सोडून शेंगा फोडत होत्या.

"तिघंही? अजून?"

"सकाळपासून चौथ्यांदा."

सरांना काळजी वाटली. पोटं बिघडली असणार. ओव्याची पुडी घेऊन ते तराफ्याच्या मागच्या टोकाला गेले. तिथे पत्र्याचा संडास होता आणि त्याच्या भिंतीला चिकटून तिघं ओळीने उभी होती, एकेक हात वर करून. अख्ख्या क्रूझवर तेवढ्याच वीतभर जागेत मोबाइलला रेंज होती. तिघंही पोट धरून हसत होती. साडूच्या पोरांपेक्षा जास्त.

सरांनी पुष्पाच्या हातातला मोबाइल घेतला. पडद्यावरच्या व्हिडिओत ते स्वतःच होते. गळ्यात शिट्टी, हातात कागद, आणि एका कोपऱ्यात पेन मिरवणारे वामनराव. खाली पुष्पाने लिहिलं होतं, 'आमची करमणूक'. त्याच्याखाली लोकांची बडबड. चित्रकलेच्या मास्तरांनी हसरे चेहरे टाकले होते, मोजून नऊ. नववीतल्या रवीने लिहिलं होतं, 'सर, घरीपण?'

सरांचे कान तापले. वऱ्हाडी आपोआप बाहेर आली. "मी तुमच्यासाठी एवढं करून राह्यलो, अन् तुम्ही माही इज्जत काढता?"

"बा, तुमी आमाले एकदा तरी इचारलं का, काय पाह्यजे म्हणून?" शाम म्हणाला.

"काहून इचारू? बाप आहे मी."

"म्हणूनच तं इचाराचं होतं."

रवीचे ते दोन शब्द सरांनी पुन्हा वाचले. त्यांना खरोखरच लागलं होतं. तोंड एवढंसं झालं. पुष्पाला वाईट वाटलं. ती म्हणाली, "बा, काढून टाकू का?"

सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी विचारलं, "किती जणांनी पाह्यलं?"

"अकराशे बावीस," निकिता म्हणाली. "एका तासात."

अकराशे बावीस! बावीस वर्षांच्या नोकरीत वर्गाचं दार लावून घेतल्याशिवाय सरांचं पूर्ण भाषण कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून कंगवा काढला.

"या बाजूनं कायले घेतलं?" ते म्हणाले. "इकून टक्कल दिसते."

त्यानंतर पोरांचे जे हाल झाले, ते वेळापत्रकातही नव्हते. सर प्रत्येक प्रश्न तीन-तीनदा विचारू लागले. आवाज नीट आला नाही म्हणून एकदा, ऊन तोंडावर आलं म्हणून एकदा. वामनरावांना पुन्हा धरण व्हायला लावलं, आणि या खेपेस रडायच्या आधी थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाने हात जोडले. "बा, पुरे ना. माझा हात दुखून राह्यला." मोबाइल वामनरावांच्या हाती देऊन तिन्ही पोरं बसंतीबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि शेंगा खाऊ लागली.

उतरताना रामलालने सरांना बाजूला घेतलं. "सर, दर शनवारी येता का? मोबाइलवर लोकायले लय मजा आली. जेवन माह्याकडं, अन् कप्तानाची टोपी देतो."

दोन दिवस विचार करतो, असं सरांनी रुबाबात सांगितलं आणि गाडीत बसायच्या आत होकार कळवला.

तेव्हापासून दर शनिवारी पहाटे ते पांढरी टोपी घालून धरणावर जातात आणि रविवारी संध्याकाळी परततात. वामनराव वणीहून खास त्यांच्यासाठी येतात. मधले दिवस सर नव्या प्रश्नांच्या तयारीत खोलीत बसलेले असतात. घरात कोणाची हजेरी होत नाही. शाम दहापर्यंत झोपतो. पुष्पा याडीकडून, म्हणजे आईकडून, कशिदा शिकते, तेही स्वतः मागे लागून.

परवा बसंतीबाईंच्या बहिणीने फोनवर विचारलं, "काय वं, कशी झाली तुमची क्रूझ?"

"लय भारी," बसंतीबाई म्हणाल्या. "अजून चालूच आहे. आमी तेवढे उतरलो."