डावीकडे अडथळा

आमच्या देव्हाऱ्यात वडिलांचा रेल्वेकडून मिळालेला फोटो आहे, शेजारी आईच्या नावाची नुसती लाकडी पाटी. वडील रुळांवर अपघातात गेले, तेव्हा रेल्वेने आईला तीन नंबरच्या फाटकावर नेमलं. पुढे घराला आग लागली आणि तिचा होता नव्हता तो एक फोटोही जळाला. ती जाऊन पन्नास वर्षं झाली. मी पंचाहत्तरीला टेकले आणि आता मला तिचा चेहराच आठवेनासा झालाय. हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

म्हणून आईचा एखादा फोटो शोधायला गावच्या वाचनालयात काम करणाऱ्या कुदो नावाच्या पोरासमोर जाऊन बसले. आमची कोळशाची लाइन कधीच बंद पडली, पण हौशी लोकांनी काढलेले तिचे हजारो फोटो त्याने कॉम्प्युटरवर चढवलेत.

"आजी, तीन नंबर फाटकाचे चारशे बारा आहेत. सगळे बघणार?"

"आजी असेल तुझ्या घरी. सगळे दाखव."

चारशे बारा इंजिनं पाहिली. धूर, बर्फ, चाकं. माणूस औषधालासुद्धा नाही.

"फोटोत माणूस आला की फोटो बाद," कुदो म्हणाला. "माणसं हटायची वाट बघायचे हे लोक. नाहीतर हटवायचे."

"मेले! गाडी काय आपोआप जात होती?"

तो बिचारा कान खाजवत बसला. मग हळूच म्हणाला, "बाद फोटोंचा एक खोका आहे. स्कॅन केलाय, यादीत नाही टाकला."

त्यातल्या एकोणिसाव्या फोटोत डाव्या कडेला एक हात होता. वाट मोकळी आहे, असं गाडीला सांगणारा पांढरा बावटा धरलेला. हातमोज्याची करंगळी दुमडून शिवलेली. आईची करंगळी फाटकाच्या साखळीत गेली होती. तो टाका मीच घातला होता.

खाली लिहिलं होतं: ऑक्टोबर १९६१. डावीकडे अडथळा.

हा हात आईचा, असं मी म्हणाले. "सापडल्या की!" कुदोला कोण आनंद.

मला ती दुपार आठवली होती. कॅमेरावाल्याने माझ्या हातावर कॅरमेल ठेवलं. "त्या बाईंना जरा चौकीच्या आत जायला सांगतेस?" ती माझी आई आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. तोंडात कॅरमेल धरून ओरडले, "आत हो ना! फोटो बिघडतोय!"

गाडी जाईपर्यंत बावटा बाहेर धरायचा, हा नियम होता. म्हणून तेवढा हात राहिला. बाकीची आई माझं ऐकून आत सरकली.