अकरा वर्षं आधी

बँकेनं कर्ज फेडायला वीस वर्षं दिली होती. निखतनं ती मुदत पहिल्याच दिवशी मनातून खोडून टाकली.

"वीस वर्षांनी तुमी साठीला टेकताल," ती नवऱ्याला म्हणाली. "तवर भिंतीत खिळा ठोकायचा म्हणलं तरी बँकेचीच भिंत."

आयुब मुरुमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. प्रयोगाच्या आधी रसायनांच्या बाटल्या भरायच्या, तास संपला की काचेच्या नळ्या धुवायच्या. पगार बेताचा. बसस्टँडमागच्या नव्या प्लॉटिंगमध्ये त्यानं दोन खोल्या, एक हॉल बांधला होता आणि त्यावर चौदा लाखांचं कर्ज होतं. त्याची आई अजीजाबी त्यांच्याजवळच राहायची. गृहप्रवेशाच्या दिवशीच ती म्हणाली होती, "घर झकास झालंय बेटा. पन सूदाच्या पैशावर उभं हाय, तवर मला इथं नीट नमाज पढल्यासारखं वाटायचं न्हाय." आयुबच्याही मनात तेच होतं. व्याज देणं त्याला मनापासून खटकायचं. सासू आणि नवरा दोघांच्या मनातली ही बोच निखतला कळत होती, पण तिचं स्वतःचं कारण साधं होतं. माहेरी ती भाड्याच्या सात घरांत वाढली होती.

हप्ता साडेबारा हजारांचा. त्यावर दर महिन्याला सहा हजार जास्तीचे भरायचे, असं तिनं ठरवलं आणि ते कुठून आणायचे तेही तिनंच ठरवलं. हॉलमध्ये शिलाई मशीन मांडलं, फॉल-पिकोची पाटी लावली. मटण महिन्यातून एकदा, तेही पावशेर. ईदला नवे कपडे फक्त आरजूला, म्हणजे लेकीला. आयुबनं मोटारसायकल विकली आणि तो कॉलेजला चालत जायला लागला. तिथं कुणी चहाला चल म्हणलं, की तो म्हणायचा, "पित्त होतंय मला." दुसऱ्यानं पाजला तर आपल्यालाही एकदा पाजावा लागतो, म्हणून. पुढं पुढं लोक त्याला विचारीनासे झाले. गुलबर्ग्याला निखतच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा ती एकटीच गेली. तिघांच्या तिकिटाचे पैसे वाचले.

पहिली दोन-तीन वर्षं हे सगळं करताना तिला हुरूप होता. पासबुकातला आकडा खाली आला की ती अजीजाबीला वाचून दाखवायची. मग हुरूप गेला आणि सवय उरली. आरजूनं काही मागितलं की "पुढं बगू" हे उत्तर तोंडातून आपोआप यायचं. बऱ्याचदा लेकीनं काय मागितलं तेसुद्धा तिच्या लक्षात यायचं नाही. आरजू नववीत गेल्यावर मागायचीच थांबली. घरात कटकट उरली नाही, याचं निखतला बरंच वाटलं.

नवव्या वर्षी, जून महिन्यात, एक लाख दहा हजार बाकी राहिले. आयुब म्हणाला, "आता घाई नगं. वर्षभरात आपसूक फिटंल." निखतनं लग्नातल्या बांगड्या उमरग्याच्या सराफाकडं नेऊन मोडल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली.

तिथं अर्पिता नावाची तरुण अधिकारी होती. पावती करताना तिनं विचारलं, "कर्जासोबत विमा घेतलेला आहे, काका. तो मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो. बंद केला तर नऊ हजार चारशे परत मिळतील. काय करू?"

आयुबनं निखतकडं पाहिलं. ती म्हणाली, "बंद करा."

कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन दोघं बाहेर आली. मुदतीच्या अकरा वर्षं आधी. आयुब पायरीवर थांबला, दाखला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "झालं म्हनायचं."

"व्हय," ती म्हणाली.

मिठाईच्या दुकानावरून दोघं तशीच घरी आली. अजीजाबीनं मात्र दाखला डोळ्यांना लावला आणि शुक्राण्याची, म्हणजे आभाराची दोन रकात नमाज पढली.

आयुबच्या छातीत वर्षभरापासून जळजळायचं. घाट चढल्यासारखा दम लागायचा. तो सोड्याचं पाकीट पाण्यात टाकून प्यायचा. कर्ज फिटल्यावर सोलापूरला दाखवायचं, असं ठरलेलं होतं. जुलैत निखतनं आठवण केली. "पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. ऑगस्टमध्ये तिनं पुन्हा काढलं. तेव्हा तो म्हणाला, "नुसतं पित्त हाय गं. तपासण्या लिवून देत्यात, चार-पाच हजार जात्यात. कशाला उगं?" पैसे आता खात्यात पडून होते. तरी हे ऐकून तिला काही चुकीचं वाटलं नाही. इतकी वर्षं ती स्वतः तेच बोलत आली होती.

ऑक्टोबरच्या एका सकाळी, पहिल्या तासाआधी, बाटल्या मांडता मांडता आयुब प्रयोगशाळेत खाली बसला. मुलांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय सत्तेचाळीस.

घर माणसांनी भरलं. कित्येक वर्षांत त्या घरात कुणी पाहुणा मुक्कामाला राहिला नव्हता, आता चाळीसेक लोक सतरंज्यांवर बसले होते. बायका निखतला कवटाळून रडत होत्या. तिला रडू आलं नाही. शेजारची शांताक्का, जिच्या साड्यांना निखत पिको करायची, कानाशी म्हणाली, "रड बाई, मोकळी हो." निखतनं मान हलवली. एवढ्या माणसांचा चहा म्हणजे दूध किती लागेल, असा हिशोब तिच्या डोक्यात आपला आपण चालू होता. तो थांबेना.

मग इद्दत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायचा काळ, सुरू झाली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती या घरात दिवसभर नुसती बसून राहिली. दुपारी ऊन मागच्या खोलीत येतं, हे तिला माहीत नव्हतं. ती त्या उन्हाकडं बघत बसायची. बरंही वाटायचं नाही आणि वाईटही नाही.

महिन्याभरानं आयुबचा धाकटा भाऊ सोहेल उमरग्याहून आला. तो कागदपत्रांच्या कामात हुशार. त्यानं कपाटातली फाईल काढली, चष्मा लावून एकेक कागद पाहिला. एका कागदावर तो अडकला. फोनवर कुणाशी तरी बोलला. इद्दतीत निखत समोर येत नव्हती, म्हणून मग पडद्याच्या अलीकडूनच म्हणाला, "भाभी, हा विमा जूनमधी का बंद केला?"

"पैसे परत मिळत होते."

"किती?"

"नऊ हजार चारशे."

सोहेलनं चष्मा काढला. "चालू ठेवला असता तर साडेदहा लाख मिळाले असते. कर्ज फिटलेलं असलं तरी. वारसाला देत्यात. चार महिने, भाभी. फकस्त चार महिने."

पडद्याआड निखत गहू निवडत होती. ती निवडत राहिली. आकडा कळला, अर्थही कळला. बंद करा म्हणणारा आवाज आपलाच होता, हेही आठवलं. आतून काहीतरी उसळून येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काही आलं नाही.

अजीजाबी मात्र उठली. काठी टेकत हॉलमध्ये गेली आणि धाकट्या लेकासमोर उभी राहिली.

"सोहेल, ती फाईल मिट. माझं पोरगं गेलंय. त्याची किंमत मला सांगू नगंस."

"अम्मा, मी आपलं..."

"मिट म्हनलं ना."

त्या दिवशी अजीजाबीनं सुनेला जवळ बसवून भरवलं. निखतनं चार घास खाल्ले. सासू म्हणाली, "तू नसतीस तर हे घर झालं नसतं. आता उद्या कुणी आपल्याला उठ म्हनू शकत न्हाय. आरजूला न्हाय, मला न्हाय." खरं होतं ते. निखतला ते खरं असल्याचं कळत होतं, पण ते बोलणं जणू दुसऱ्या कुणाच्या घराविषयी चाललं होतं.

"अम्मी, तू रडत का न्हाईस?" एकदा आरजूनं विचारलं. बारावीचं पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं.

"येत न्हाय बाळ."

"मला राग येतो. अब्बांचा पन येतो, तुझा पन." आरजू हे पुस्तकाकडं बघतच म्हणाली. "मी कंपास पेटी मागितलेली, सहावीत. तू 'पुढं बगू' म्हनली."

निखतला ती पेटी आठवेना. तिनं खूप प्रयत्न केला. "मला आठवत न्हाय," ती म्हणाली. खोटं बोलण्यापेक्षा तेच बरं होतं. आरजूनं पान उलटलं.

फेब्रुवारीत इद्दत संपली. निखत बुरखा घालून नगरपरिषदेत गेली. घराला वारस म्हणून तिचं नाव लावायचं होतं आणि बँकेचा बोजा उतरवायचा होता. महालिंगप्पा नावाचे कारकून होते. त्यांनी दाखला वाचला आणि भुवया उंचावल्या.

"वीस वर्षांचं कर्ज नऊ वर्षांत? लई मोठं काम केलं बघा. आमच्याच्यानं झालं न्हाय. मालकांना सांगा, एकदा येऊन भेटा म्हनावं."

निखतनं मृत्यूचा दाखला पुढं सरकवला. महालिंगप्पांनी तो पाहिला आणि खुर्चीतून अर्धवट उठले.

"माफ करा बाई. बगितलंच न्हाय मी." त्यांनी कागद सरळ केले. "इथं सही करा. पंधरा दिवसांनी उतारा घेऊन जा."

तिनं सही केली. बाहेर ऊन चढलं होतं, रस्त्यात बाजाराची गर्दी होती. समोर हॉटेलात बाकावर दोन बाया चहा पीत होत्या. निखत आत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. या गावात एवढी वर्षं काढून ती हॉटेलात कधी बसली नव्हती.

"कट का फुल?" पोऱ्यानं विचारलं.

"फुल."

चहा फार गोड होता आणि कडक. तिनं तो सगळा प्यायला. दहाची नोट दिली आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिली. घरी जायची घाई नव्हती. आरजू साडेपाचला क्लासवरून येणार होती. तो क्लास निखतनं गेल्याच महिन्यात लावला होता, फी किती ते न विचारता.