ओढून वर गेलेला हात

फरहानाने प्लास्टिकच्या पारदर्शक कोनमापकाचा एक दांडा अब्बांच्या कुशीवर, कुर्त्यावरूनच टेकवला, दुसरा त्यांच्या उजव्या दंडाबरोबर वर वर नेला आणि आकडा बोलण्याआधीच हसली.

"सत्तर."

"मागच्या हप्त्यात पासष्ट होते ना?"

"पासष्टच होते. आता आणखी वीस फक्त, अब्बा. नव्वद झाले का मग कोपर, मग बोटं."

"लिही, लिही. भुलशीन नाही तं."

तिने फाइलमध्ये तारखेपुढे सत्तर लिहिलं. अब्बांनी हात खाली सोडला, म्हणजे तो आपोआप पडला, आणि डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, झोपलेल्या लेकराची मान सरळ करावी तसा.

घरी तिघं हिंदीच बोलत. तीही पांढरकवड्याची, जिला ना लखनौने ओळख द्यावी ना नागपूरने. पण मापाच्या वेळी बापलेक वऱ्हाडीवर येत. ती पद्धत अब्बांनीच पाडली होती. तीस वर्षं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करताना अब्बा, म्हणजे कय्युम मिस्त्री, गिऱ्हाइकांशी हीच बोली बोलले होते. लेक कोनमापक घेऊन समोर बसली की ती मिस्त्री आणि आपण गिऱ्हाईक, असा त्यांचा हिशेब. आणि गिऱ्हाइकाने मिस्त्रीच्या कामात नाक खुपसू नये, हा त्यांचा दुकानातला जुना नियम होता.

चौदा महिन्यांपूर्वी लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली. पाय फरफटत का होईना, चालू लागला. हात मात्र रुसला तो रुसलाच. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली होतं आणि आत वाइंडिंगचं मशीन फडकं पांघरून बसलं होतं. कळंबचा पुतण्या शहजाद दोनदा ते मागून गेला. अब्बांनी त्याला दोन्ही वेळा एकच सांगितलं: रब्बीच्या मोटारी यायला लागेपर्यंत थांब, तोवर माझा हात येते.

हात येतो, हे त्यांना फरहानाने सांगितलं होतं. ती यवतमाळला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती, एका विषयात एकदा आपटलेली, आणि त्यामुळे अभ्यासाच्या बाबतीत जरा जास्तच भाविक झालेली. फोनमध्ये चाळीस व्हिडिओ, भिंतीवर स्नायूंची चित्रं, उशाशी हाडांच्या नावांचे पत्ते. आणि या सगळ्यांहून वरचढ म्हणजे सासू.

सासू ही एक जाडजूड वही होती. सात-आठ वर्षांपूर्वी कुणा सीनियरने सुरू केलेली. ज्याच्याकडे ती येई त्याने त्यातून अभ्यास करायचा, भर घालायची आणि वर्षाची शेवटची प्रॅक्टिकल झाली की मागच्या पानांवर पुढच्यासाठी एक सल्ला लिहून ज्युनियरच्या हाती द्यायची. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून सासू. फरहानाला ती जवळजवळ तोंडपाठ होती. पहिल्या पानावर लाल शाईत पहिलंच वाक्य होतं: "तपासण्याआधी भाग उघडा करा. कपड्यावरून माप म्हणजे अंदाज." त्याखाली फरहानाने स्वतः पिवळी रेघ ओढली होती. पुढे एकतिसाव्या पानावर हिरव्या शाईत: "लकव्याच्या खांद्याला दोरी-पुली नको. ओढून वर गेलेला हात वर गेलेला नसतो." शेजारी पेन्सिलीने कुणीतरी टीप दिली होती, हा प्रश्न दोन मार्कांना येतो. तो खरंच आला होता. फरहानाने बरोबर लिहिला, दोन्ही मार्क मिळवले आणि त्याच सुट्टीत घरी येऊन मागच्या खोलीच्या अँगलला पुली टांगली.

तिला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण पुराणातली वांगी पुराणात ठेवायची आपली सवय काही तिच्यापासून सुरू झालेली नाही. व्हिडिओतल्या माणसाने तीन महिन्यांत हात वर करून दाखवला होता, आणि तो माणूस अब्बांच्याच वयाचा होता. पुलीला कुठलं बेअरिंग लागेल ते अब्बांनी सांगितलं, ती स्टुलावर चढली, अम्मीने स्टूल धरलं. त्या दिवशी घरात बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी मोठ्याने हसलं होतं. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ अब्बा डाव्या हाताने दोरी ओढत, उजवा हात छताकडे जाई, आणि मग दोरी सोडून ते स्वतःच्या बळावर हात उचलून दाखवत. दर आठवड्याला फरहाना सुट्टीला घरी येऊन माप घेई तेव्हा आकडा वाढलेला असे.

आणि कुर्ता? बापाला कुर्ता काढा म्हणायला तिची जीभ कधी रेटलीच नाही. अब्बा अंगणातसुद्धा कधी उघड्या अंगाने बसले नव्हते. त्यांचे कपडे बदलणं हे अम्मीचं काम, दार लावून व्हायचं. पट्टी कुर्त्यावरून लावली तर दोन-चार अंशांचा फरक पडेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

वर्षाच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला, म्हणजे केस-परीक्षेला, प्रत्येकाने आपला रुग्ण आणायचा होता. फरहानाने अब्बांना नेलं. एसटीत कंडक्टरने त्यांना पुढची सीट दिली आणि अब्बांनी अर्ध्या बसला सांगितलं की पोरीची परीक्षा आहे, आपण नुसतं सामान आहोत.

परीक्षा घेणाऱ्या अर्पिता मॅडमनी फाइल चाळली. दहा आठवडे, एकही आठवडा सुटलेला नाही.

"छान ठेवली आहेस. सत्तर अंश? दाखव."

फरहाना कोनमापक घेऊन अब्बांसमोर बसली.

"कुर्ता?"

"मॅडम, ते... माझे वडील आहेत."

"रुग्ण म्हणून आणलेत ना?"

फरहानाने पडदा नीट ओढून घेतला. मग अब्बाच म्हणाले, "काढतो ना जी. त्यात काय मोठं."

त्यांना एका हाताने जमेना. फरहानाने मदत केली, नजर खाली ठेवून. मॅडमनी तिला मागे बोलावलं आणि तिचा तळहात धरून अब्बांच्या खवाट्यावर, खांद्यामागच्या चपट्या हाडावर, घट्ट दाबून ठेवला.

"आता उचला, काका."

हाताखाली काय होतंय ते फरहानाला लगेच कळलं. खवाटा वर पळायला बघत होता. कंबर डावीकडे कलत होती, मान आखडत होती, सगळं अंग त्या हाताला खांदा देत होतं. ढगळ कुर्त्याआड दहा आठवडे हेच चाललं होतं. तिने दाबून ठेवलं तसा हात अर्ध्यातच अडला.

"वाच."

"पस्तीस."

मॅडमनी तिचं बोट खांद्याच्या टोकाखाली नेलं. तिथे हाड लागायला हवं होतं. बोट आत गेलं, शेजारी दुसरंही मावलं. खांदा सांध्यातून खाली उतरला होता.

"दुखतं का, काका?"

"नाही जी. बिलकुल नाही."

अब्बांच्या डाव्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली होती. ते फक्त फरहानाने पाहिलं.

मॅडमनी फाइलमधल्या व्यायामाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "पुली कोणी सांगितली?"

"म्याच बनवली जी," अब्बा घाईने म्हणाले. "हे तं नाहीच म्हणत होती. मिस्त्री माणूस मी, मले राहवलं नाही."

मॅडमनी फरहानाकडे पाहिलं. "लकव्याच्या खांद्याला पुली का देत नाहीत?"

फरहानाने सांगितलं. सांधा सैल असतो, स्नायू धरून ठेवत नाहीत, ओढीने सांधा आणखी उतरतो, दुखणं वाढतं, उरलेली हालचालही जाते. एकही मुद्दा सुटला नाही. आवाज तिचाच होता, पण ती शरमेने इतकी भाजून निघत होती की शेवटचे शब्द तिला स्वतःला ऐकू आले नाहीत.

"उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. मग आवाज उतरवून, "पुली आजच काढ. खांद्याला आधार दे. आहे तेवढं टिकलं तरी खूप समज."

"आणि हात वर जाणं...?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "चौदा महिने झाले, फरहाना."

बाहेर बाकावर ज्युनियर खुशी सासूची वाट बघत बसली होती. रीत होती, परीक्षा संपली की वही त्याच जागी द्यायची. फरहानाने मागचं पान उघडलं. वरचे सल्ले कितीतरी वेळा वाचलेले: रोज दोन तास हाडं हातात घ्या, रुग्णाचं नाव लक्षात ठेवा, झोप मोडू नका. तिने खाली लिहिलं, "कुर्ता काढायला सांगा. वडील असले तरी."

खुशीने वाचलं आणि ती खळखळून हसली. "दीदी, हे काय लिवलं वो! दोन मार्कांले येते का हे?"

"नाही येत," फरहाना म्हणाली.

परतीच्या बसमध्ये अब्बा भलतेच आनंदात होते. पास झाली ना, मग झालं, असं त्यांनी तीनदा म्हटलं. फरहाना खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर तुरीच्या शेतांत कुठे कुठे पाणी चालू होतं.

घरी येताच ती स्टुलावर चढली आणि पुली काढायला लागली. नट घट्ट बसला होता. अम्मी, हजराबी, चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. तिने काय झालं ते विचारलं नाही.

"मैं तो रोज देखती थी वो गड्ढा," ती म्हणाली. "इनो बोले, बच्ची को मत बोल, उसका इम्तिहान है."

फरहानाचा पाना तिथेच थांबला. या घरात खड्डा सगळ्यांना ठाऊक होता, एक ती सोडून, आणि शिकत होती ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काहून नाही सांगितलं मले?" तिने अब्बांना विचारलं.

अब्बा आपल्या रोजच्या खुर्चीत जाऊन बसले होते. "तू आकडा लिवताना हासत होती," ते म्हणाले. मग कोनमापकाकडे बोट करून, "चाल, माप."

"आज राहू द्या, अब्बा."

"गिऱ्हाईक म्हणते तं माप ना. खरं माप."

ते स्वतःच डाव्या हाताने कुर्त्याची गुंडी काढू लागले. फरहाना स्टुलावरून उतरली. तिने आधी त्यांचा चांगला हात बाहीतून काढला, मग डोकं, मग लुळा हात. या वेळी तिने नजर खाली ठेवली नाही. खांद्याखालची खोलगट जागा विजेच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. ती मागे गेली, तळहात खवाट्यावर ठेवला आणि कोनमापक उघड्या कातडीला लावलं.

हात उठला, थांबला.

"किती?"

मागे उभं राहिल्यावर एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. पन्नास म्हटलं असतं तरी अब्बांनी मान हलवली असती, आणि उद्या परत खुर्चीत येऊन बसले असते.

"पस्तीस."

"दवाखान्यातून आलो तवा किती लिवलं होतं कागदावर?"

"चाळीस."

"हं," अब्बा म्हणाले.

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक हैद्राबादकडे गेला. अम्मीने गार झालेला चहा परत आत नेला.

"शहजादले फोन लाव," अब्बा म्हणाले. आवाज दुकानातलाच होता, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतानाचा. "मशीन घेऊन जा म्हणा. मोटारी जळायला लागल्या असतीन."

फरहानाने खुर्चीवरचा कुर्ता उचलला. घालताना आधी लुळा हात, मग चांगला. सासूच्या अकराव्या पानावर होतं. तिने उजवी बाही चुण्या करून गोळा केली, मनगटाच्या बाजूने आपला हात आत घातला आणि अब्बांची थंड बोटं धरली.

"लाव ना फोन."

"लावते," ती म्हणाली. "आधी बाही घालू द्या."