कानाबाहेरचा हिरवा

पेंटरने ब्लेडचं अर्धं पातं चिमटीत धरलं, कागदावर वाकला आणि चित्रातल्या एल्फच्या कानाबाहेर सांडलेला हिरवा रंग खरवडायला लागला.

"हा कान आहे की पंखा?" तो म्हणाला. "तुला रेघ दिसते तरी का गं?"

समोरच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको म्हणाली, "बरं."

दुसरं काही ती म्हणूच शकत नव्हती. थंडीच्या दिवसांत तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि सगळे शब्द गेले. राहिला तो एवढाच. जन्मभर नवऱ्यापुढे ज्या शब्दावर तिने निभावून नेलं, नेमका तोच दैवाने मागे ठेवला. दैवाला चेष्टा करायची हौस असते, पण कुणाची करावी याचा त्याला पोच नसतो.

उपचार केंद्रातल्या थेरपिस्ट बाई दर आठवड्याला रंगवायला पानं द्यायच्या. शेजारीच मुलांचा विभाग होता, त्यामुळे चित्रं मुलांचीच. परदेशी परीकथांतला टोकदार कानांचा, उंच टोपीचा, सदा हसरा बुटका एल्फ. मोठं पोट, मोठे बूट, जाड रेघा. घरी मेणाच्या खडूने रंगवायचं आणि परत आणून द्यायचं. रंग रेघेबाहेर किती जातो, त्यावरून हात किती वळतोय ते बाईंना कळायचं. हे त्यांनी पेंटरला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं होतं आणि त्यानेही मोठ्या शहाण्यासारखी मान डोलावली होती.

पण बाई ती पानं भिंतीवर लावायच्या. हिचं पहिलं पान लागलं तेव्हा कुणाच्या तरी सुनेने बोट दाखवून विचारलं, "या एल्फला हिरवा गोवर आलाय का हो?" बाकांवरचे सगळे हसले. पेंटरही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली होती. पट्टी न धरता सरळ रेघ ओढणारा म्हणून त्याचं नाव होतं. मग छापील फलक आले आणि त्याला कुणी विचारेनासं झालं. आता त्याच्या घरातून भिंतीवर जाणारं एकुलतं एक काम असं माखलेलं असावं, हे त्याच्याने सोसवेना. दुसऱ्या पानापासून त्याने ब्लेड काढलं.

खरवडून झालं की तो काळ्या पेनाने रेघ गिरवायचा आणि कागदावर फुंकर मारायचा. हिरवा भुगा टेबलावर पसरायचा. तो हात धुवायला गेला की ती डाव्या हाताच्या बोटाने तो भुगा टिपून घ्यायची. एवढा भुगा म्हणजे एवढी चूक, हे तिला बरोबर कळत होतं. अख्खी हयात तिने शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं केली होती. मुकादम बाई नव्या मुलींना तिचं काज दाखवायची. आता तिच्याच गाऊनची बटणं नवरा लावायचा, घाईघाईत, एक काज चुकवून, आणि ती दिवसभर तशी तिरकी बसून राहायची. रेघेबाहेरचा केसभर रंग ज्याच्या डोळ्यांत खुपायचा, त्याला ते तिरकं बटण मात्र कधी दिसलं नाही. तिला फार काही नको होतं. स्वतःची बटणं स्वतः लावायची होती.

आणि भुगा कमी होत चालला होता. एके दुपारी बुटाभोवती खरवडायला काही सापडलंच नाही. तिचा जीव अगदी हरखून गेला.

"आज सुटलीस," नवरा म्हणाला. टोपीचा गोंडा तेवढा त्याने खरवडला आणि रेघ गिरवली.

केंद्रात थेरपिस्ट बाईंनी ते पान हातात घेतलं आणि आधीची सगळी भिंतीवरून काढून पाहिली. "मावशी, कमाल केलीत! लहान मुलांची पानं पुरे आता. मोठ्यांची देते."

मोठ्यांच्या एल्फची टोपी टोकापासून कडेपर्यंत वेलबुट्टीने भरलेली होती. सोबत पुठ्ठ्याचे हातपाय होते. ते कापून पिनांनी जोडायचे, म्हणजे दोरी ओढली की एल्फ नाचतो. घरी पहिल्याच पाकळीवर तिचा खडू घसरला आणि कागद फाटला.

"सोड. दे इकडे," पेंटर म्हणाला.

फाटका कागद त्याने मागून चिकटवला. मग रंगवलंही त्याने, कापलंही त्याने. दोरी ओढून त्याने एल्फ नाचवला आणि शीळ घातली. त्याची शीळ तिने कित्येक वर्षांनी ऐकली. तिला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला.

पुढच्या खेपेला मोठे डॉक्टर केंद्रात आले होते. त्यांनी तो नाचरा एल्फ पाहिला. "या बाईंना अजून कशाला ठेवलंय? बाहेर केवढी माणसं जागेसाठी थांबलीत."

तिने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. टेबलावरचा खडू उजव्या हातात धरला आणि कोऱ्या एल्फवर टेकवला. इतक्या डोळ्यांसमोर हात लटलट कापायला लागला. खडू पोटावरून तिरका गेला, कागद ओलांडून टेबलावर उमटला आणि निसटून खुर्चीखाली गेला.

थेरपिस्ट बाईंनी पेंटरकडे पाहिलं. "काका, घरी ह्याच करतात ना?"

बाकांवरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. ती सूनही होती. आता तरी बोल, म्हणून बायकोने त्याची बाही धरली.

"हीच करते तर!" पेंटर म्हणाला. "घरी बघा तुम्ही तिला. इथं चार माणसांत बुजते. पहिल्यापासून तसलीच आहे."

"मग घरीच सराव करू दे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मावशी, खूश ना?" थेरपिस्ट बाईंनी तिच्या गळ्यात हात टाकून विचारलं.

तिने सगळं बळ एकवटून तोंड उघडलं.

"बरं," ती म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निरोप देताना बाईंनी मोठ्यांच्या पानांचा जाड गठ्ठाच पेंटरच्या हातात दिला होता. घरी आल्या आल्या तो टेबलाशी बसला आणि शीळ घालत रंगवू लागला. ती समोर बसली होती, एक काज चुकलेल्या गाऊनमध्ये, उजवा हात मांडीवर टाकून. पेंटरचा हात रेघेबाहेर जात नव्हता. ब्लेड डबीतच होतं.

तिने डावं बोट टेबलावर टेकवलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवलं.

"काय शोधतेस गं?" त्याने मान वर न करता विचारलं.

तिने बोट उजेडात धरून पाहिलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं.